विमानांतील उंचीचा कांटा

विमानांतील उंचीमापक यंत्र उंची मोजतें, हा समज स्वाभाविक असला तरी खरा नाहीं. तें मोजतें भोंवतालच्या हवेचा दाब. आणि तो फुटांच्या भाषेंत वैमानिकापुढें मांडतें.

यंत्राच्या पोटांत धातूची पातळ, निर्वात डबी असते. विमान वर चढलें कीं हवेचें ओझें कमी होतें, डबी फुगते व कांटा सरकतो. तत्त्व जुनेंच आहे. सन १६४८ मध्यें पास्कलच्या सांगण्यावरून त्याच्या मेव्हण्यानें पाऱ्याची नळी फ्रान्समधील पुय-द-दोम डोंगरावर नेली, तेव्हां माथ्यावर पारा सुमारें तीन इंच उतरलेला आढळला.

परंतु जमिनीवरचा दाब तरी रोज सारखा कोठें असतो? वादळी हवेंत तो उतरतो. यंत्रास हें काय ठाऊक? दाब कमी, म्हणजे आपण उंच आलों, एवढाच अर्थ तें काढतें. म्हणून उतरण्यापूर्वीं त्या ठिकाणचा, समुद्रसपाटीच्या हिशेबाचा दाब विमानतळाकडून विचारून यंत्रावर लावावा लागतो. येथें एका मिलिबारची चूक म्हणजे सुमारें २८ फुटांची चूक.

२३ मे २०२२ रोजीं पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर पावसांत एक प्रवासी विमान उतरत होतें. दिशा उपग्रहावरून, पण उंची दाबावरून घेत. दाब होता १००१ मिलिबार. नियंत्रकानें सांगितला १०११. विमान दाखविलेल्या उंचीहून सुमारें २८० फूट खालून येऊं लागलें. धांवपट्टी दिसेना, म्हणून वैमानिकांनीं तें पुन्हां वर घेतलें. परंतु वर वळण्यापूर्वीं तें जमिनीपासून अवघ्या ६ फुटांवर आलें होतें, आणि पट्टी अद्याप सुमारें दीड किलोमीटर दूर होती! यंत्र निर्दोष होतें. चुकला होता तो एक आंकडा.

थंडीची अडचण अधिक बिकट. ती दाब लावून दूर होत नाहीं. यंत्राचें गणित समुद्रसपाटीस १५ अंश सेंटिग्रेड उष्णता गृहीत धरतें. गार हवा आकसते. त्यामुळें दाब तितकाच उतरण्यास कमी चढावें लागतें. समुद्रकांठच्या विमानतळावर उणे २० अंश असतां कांटा १००० फूट दाखवितो, तेव्हां विमान वास्तविक ८६० फुटांच्या आसपास असतें. दहा अंशांस शेंकडा चार, असा ढोबळ हिशेब आहे. उष्ण हवेंत विमान उलट दाखविल्याहून वर असतें. डोंगरावर आदळण्याचें भय त्यांत नाहीं. थंड, डोंगराळ मुलुखांत मात्र वैमानिक कोष्टक पाहून नेमलेल्या उंचींत तितके फूट अधिक मिळवितात, आणि मगच ढगांतून खालीं येतात.