गाडीच्या टपाचे अस्तर

आठ-दहा उन्हाळे पाहिलेल्या मोटारीत किंवा शाळेच्या पोरांना नेणाऱ्या व्हॅनमध्ये बसले की पुष्कळदा टपाचे कापड डोक्याला लागते. मागच्या बाजूला तर ते मंडपाच्या झालरीसारखे लोंबते आणि ड्रायव्हरला आरशातून मागचा रस्ताच दिसत नाही. कुणी त्याला टाचण्या टोचतो. गाडीला गचका बसला की एखादी टाचणी पोराच्या अंगावर पडते. कुणी म्हणतो, “डिंक सुटलाय, पुन्हा लावून टाकू.” लावतो, आणि महिन्याभरात कापड पुन्हा खाली!

खरे म्हणजे डिंक बहुधा सुटलेलाच नसतो. लोंबणाऱ्या कापडाची पाठ बोटाने चोळून पाहा. पिवळा-तपकिरी भुगा हाताला लागेल. हा फोम. कापडाच्या पाठीला फोमचा पातळ थर असतो आणि तो थर टपाखालच्या पुठ्ठ्याला चिकटवलेला असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने फोम कुजतो. निम्मा कापडाकडे राहतो, निम्मा पुठ्ठ्याकडे. या भुग्यावर कितीही भारी डिंक लावा, तो भुग्याला चिकटेल, पुठ्ठ्याला नाही. ढासळत्या मातीच्या भिंतीवर चुना फासण्यातलाच प्रकार. म्हणून जुने कापड वाचवण्याच्या नादी लागू नये.

जुन्या ॲम्बॅसिडर, फियाट गाड्यांत अस्तर तारांच्या कमानींवर ताणलेले असे. त्याची तऱ्हा निराळी. आज बोलायचे आहे ते पुठ्ठ्याच्या टपाविषयी.

आता डिंक कोणता? येथे निकाल देते ते ऊन. जळगाव-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. बंद गाडीतली हवा त्याहूनही २० अंशांनी सहज वर चढते, आणि टपाचा पत्रा तर हात ठेववत नाही इतका तापतो. सुतारकामाचा पांढरा डिंक लाकडाला उत्तम, पण तापल्यावर तो मऊ पडतो, शिवाय त्यातल्या पाण्याने पुठ्ठा फुगतो. पंक्चरचे सोल्यूशनही उन्हात ढिले पडते. हवे ते निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबराचे, उष्णता सोसणारे सोल्यूशन. हे रबर १९३० साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडले. डबा घेताना वरचे मोठे नाव पाहून भागत नाही, कारण एकाच नावाखाली पांढरा डिंकही मिळतो आणि रबराचे सोल्यूशनही. किती उष्णता सोसते, ते डब्यावर वाचावे.

दुकानदाराच्या शब्दावर विसंबायचे नसेल तर एक परीक्षा सांगतो. शिक्षक मंडळींना ती वर्गातही करता येईल. अस्तराच्या कापडाच्या दोन-तीन पट्ट्या वेगवेगळ्या डिंकांनी पुठ्ठ्याला चिकटवा आणि एक दिवस वाळू द्या. मग पट्ट्यांच्या मोकळ्या टोकांना सारख्या वजनाचे नट बांधून तो पुठ्ठा भर दुपारी तापलेल्या पत्र्याखाली उलटा टांगा. कोणती पट्टी आधी सुटते ते मुले स्वतःच सांगतील.

कामाला लागताना पुठ्ठा गाडीबाहेर काढावा. मात्र टपाच्या कडेला एअरबॅग असलेल्या गाडीला घरी हात लावू नये. ते जाणत्या मेकॅनिकचे काम. पुठ्ठ्यावरचा फोम नायलॉनच्या ब्रशने पार खरवडून काढावा. तारेचा ब्रश नको, त्याने पुठ्ठ्याला खड्डे पडतात. पाणीही नको. नवे कापड सुमारे ३ मिलिमीटर फोमचेच घ्यावे. नुसत्या कापडातून डिंकाचे डाग वर उमटतात.

कापड कोरडेच पसरून बसवून पाहावे, मग अर्धे दुमडावे. पुठ्ठ्याला आणि फोमला, दोन्हींना पातळ, सारखा हात द्यावा. गाठी राहिल्या की त्या वरून दिसतात, म्हणून कॉम्प्रेसरच्या गनने मारलेला बरा. लगेच चिकटवू नये. बोट लावले तर चिकट लागावे, पण तार येऊ नये, इतके वाळू द्यावे. घाई इथेच नडते. आत अडकलेला द्रव पुढे उन्हात वाफ होऊन कापडाला फुगे आणतो. चिकटवताना मधून कडेकडे तळहाताने दाबत जावे. खोलगट भागात आधी कापड तळाशी बसवावे. ते वरच्यावर ताणले तर तिथूनच सुटते. आणि हो, एकदा टेकले की हे सोल्यूशन दुसरी संधी देत नाही.

कोकणात ऐन पावसाळ्यात हे काम काढू नये. हातावर स्पिरिट टाकले की गार लागते ना? तसेच सोल्यूशन उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतले पाणी त्यावर धरते आणि जोड कच्चा राहतो.

आता ज्याच्या हातात हा ब्रश किंवा ही गन असते त्या पोराविषयी. कुशनवाल्याच्या लहानशा गाळ्यात, धूळ येते म्हणून शटर अर्धे ओढून, तो दिवसभर या वाफेत बसतो. पुष्कळशा सोल्यूशनांत टोल्यूइन असते. त्याने डोके दुखते, चक्कर येते, आणि रोजचे झाले तर मेंदूला अपाय होतो. तोंडाला बांधलेला रुमाल फोमचा थोडाफार भुगा अडवील, वाफ नाही. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते आणि दूरच्या विडीनेही पेट घेते. तेव्हा गाडीच्या मालकाने गाळ्यावर गेल्यावर स्वच्छ सांगावे, “काम बाहेर, मोकळ्या सावलीत करा, तासभर उशीर झाला तरी चालेल.” सांगणारा गिऱ्हाईक असला की गाळेवाला ऐकतो.

पुठ्ठा बसवल्यावर निदान एक दिवस गाडी उन्हात उभी करू नये, आणि पहिले दोन-तीन दिवस काचा उघड्या ठेवूनच पोरांना आत बसवावे. उरलेल्या डब्याचे झाकण घट्ट लावून तो चुलीपासून दूर, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवावा.