श्रेकने अर्धंच ऐकलं



काल रात्री आपण ‘श्रेक’ पाहिला. सिनेमा संपल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, “शिबिरात लहान मुलांचं कार्टून कशाला?” प्रश्न रास्त आहे. उत्तराकडे जरा वळसा घालून येतो.

विल्यम स्टाइग हे अमेरिकन व्यंगचित्रकार. मुलांसाठी लिहायला लागले तेच साठीत. ‘श्रेक!’ हे त्यांचं चित्रांचं पुस्तक १९९० साली आलं, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. ‘श्रेक’ हा शब्द यिडिश भाषेतला, अर्थ भीती. ड्रीमवर्क्सने २००१ मध्ये त्यावर सिनेमा काढला आणि ॲनिमेशनपटांसाठी सुरू झालेलं पहिलं ऑस्कर यालाच मिळालं. २००४, २००७ आणि २०१० मध्ये पुढचे तीन भाग आले.

आपल्या नानीच्या गोष्टीत राक्षसाचा जीव पोपटात असायचा. पोपटाची मान मुरगळली की गोष्ट संपली. त्या राक्षसाला घर होतं का, रात्री तो काय जेवायचा, हे आपण कधी विचारलं नाही. ‘श्रेक’ सुरू होतो तो राक्षसाच्या घरापासून. तो परीकथेचं पुस्तक वाचतो, हसतो आणि त्याचं पान फाडून संडासात वापरतो.

आता तो रांगेचा प्रसंग आठवा. फार्क्वाडला त्याचं ड्यूलॉक एकदम स्वच्छ, एकसारखं हवंय, म्हणून परीकथेतल्या सगळ्यांना पकडण्याचा हुकूम निघतो. पकडून देणाऱ्याला पैसे. आणि रांगेत कोण उभं आहे? ज्याने पिनोकिओला स्वतःच्या हातांनी घडवलं तो जेपेटो. पाच शिलिंगांत विकून मोकळा होतो. पिंजऱ्यातलं अस्वलाचं पिल्लू रडतंय. आपण मात्र हसत असतो, कारण प्रसंग विनोदीच आहे. सैनिक फार थोडे दिसतात, रांग लांब दिसते. मला तिथे दरवेळी गलबलून येतं.

या सगळ्यांना आणून टाकतात श्रेकच्या दलदलीत. आणि श्रेक, ज्याला स्वतःला लोक मशाली घेऊन हाकलायला येतात, तो काय म्हणतो? निघा इथून! त्याला दलदलीभोवती दहा फुटी भिंत बांधायचीय. गाढव त्याला खोदून खोदून विचारतं तेव्हा कळतं की लोक ओळख व्हायच्या आधीच त्याच्याबद्दल मत बनवतात, म्हणून त्याला एकटंच बरं वाटतं.

इथपर्यंत तो आपल्याला आपलाच वाटतो. तुमच्यापैकी किती जणांनी नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदललेला पाहिलाय, हात वर करायला सांगत नाही.

पण पुढे पवनचक्कीचा प्रसंग येतो. श्रेक सूर्यफूल घेऊन दारापर्यंत जातो. आत फियोना म्हणतेय, अशा कुरूप प्राण्यावर कोण प्रेम करेल? ती बोलतेय स्वतःबद्दल, कारण सूर्य मावळला की तीही राक्षसीण होते. श्रेक अर्धंच ऐकतो आणि फिरतो. ज्याची आयुष्यभराची तक्रार होती की लोक जाणून न घेता ठरवतात, तो दार ढकलून विचारतसुद्धा नाही. तिला थेट फार्क्वाडच्या हवाली करतो!

माझ्या पहिल्या नोकरीत जेवणाच्या सुट्टीत दोघे सहकारी माझ्याकडे बघून कुजबुजले. मी तीन आठवडे वेगळा बसून जेवलो. नंतर समजलं, त्यांच्या डब्यातल्या सुकटीचा वास मला चालेल की नाही, असं ते बोलत होते. मी कोकणातला! मात्र त्याच वर्षी घरमालकाने नाव ऐकून खोली नाकारली, तेव्हा मी शब्दन् शब्द पूर्ण ऐकला होता. दोन्ही घडलंय. एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही आणि फरक कळायला दार ढकलावंच लागतं.

सिनेमात ते काम गाढव करतं. श्रेक एकटा परततो, तर गाढव दलदलीत फांद्यांची भिंत रचतंय: ही तुझी बाजू, ही माझी. भिंतीची हौस ना तुला, घे! मग भांडता भांडता सांगून टाकतं की ती तुझ्याबद्दल बोलतच नव्हती. मला वाटतं, या मालिकेतलं सगळ्यात शहाणं पात्र तेच.

पुढच्या भागांबद्दल फार बोलत नाही. दुसरा झकास आहे, त्यात परीमाता औषधांचा कारखाना चालवते. तिसऱ्यात दम नाही.

एक मात्र खटकतं. रूपावरून माणूस जोखू नका म्हणणारा हा सिनेमा फार्क्वाडच्या बुटकेपणावर सतत कोट्या करतो. तो दुष्ट आहे म्हणून की बुटका आहे म्हणून? काल त्या प्रत्येक कोटीवर हॉलमध्ये हशा होता. मीही हसलो. चर्चा तिथूनच सुरू करू या. मागच्या रांगेतला तो प्रश्न विचारणारा कोण होता, त्याने आधी बोलावं.