खोलीचं भाडं

मैत्रिणींनो, आणि पुढे बसा म्हटलं तरी मागच्या सतरंजीवर जाऊन बसलेल्या आमच्या बाई,

आभार मानायला मी उभी आहे. हारतुरे नकोत आणि त्या मुलीला इथे उभं करू नका, या दोन अटी बाईंच्याच. ती आलेली नाही. उद्या तिचा पेपर आहे.

भामरागडच्या पलीकडची माडिया मुलगी, इथे चंद्रपुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. हे काही रोज जाऊन-येऊन शिकण्याचं अंतर नव्हे. त्यात पर्लकोटेला पूर आला की वाटच बंद, असे कित्येक पावसाळे गेले. वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव लागलं नाही. शिष्यवृत्ती मंजूर होती, पण ती येणार वर्ष सरता सरता. घरमालकीण आणि खानावळ दर महिन्याला मागतात. आई मे महिन्यात तेंदूपानं तोडते. ७० पानांचा एक पुडा. पहाटे जंगल, दुपारी पुडे बांधणं, संध्याकाळी फळीवर. तो पैसा बियाण्यात आणि दवाखान्यात जातो. दिवाळीला मुलगी घरी गेली ती परत न येण्याचं ठरवूनच. बाईंनी निरोप धाडला आणि तीन महिन्यांचं भाडं भरून टाकलं.

आता आमची गोष्ट, लपवत नाही. आमच्या बैठकीत ठरलं, मुलीकडून लिहून घ्यावं की पदवीनंतर ती दोन वर्षं संघटनेचं काम करील. बाईंनी तो कागद परत केला. म्हणाल्या, बडोदा आठवा. १९१३ साली सयाजीरावांनी बाबासाहेबांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला पाठवलं. केवढं मोठं काम! पण दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करारही होता. त्यापायी १९१७ साली ते बडोद्याला गेले, तर राहायला जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमातूनही बाहेर काढलं. बाई म्हणाल्या, ‘करार पाळायला माणूस हजर होता, त्याला छप्पर द्यायला कोणी नव्हतं. मी छपराचे पैसे देते, करार तुम्ही विसरा.’

आम्ही विसरलो. जरा ओशाळूनच.

बाई, मनापासून आभार. आणि मैत्रिणींनो, आलापल्लीकडच्या आणखी एका मुलीची दोन महिन्यांची खानावळ थकली आहे. दाराशी डबा ठेवलाय. नाव लिहायची गरज नाही.