चाकाचा घेर आणि पंचविसाची मर्यादा

सायकलीचं वेड नागपूरला नवं नाही. इथल्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत एकट्यानं पूर्ण केली. नवी आहे ती सायकलीला बसवलेली मोटार. पहाटे अंबाझरी किंवा फुटाळ्याकडे गेलात, तर जाड टायरच्या विजेवरच्या माउंटन बाइक आता दिसू लागल्या आहेत. त्यांच्या हँडलवर छोटा डिस्प्ले असतो आणि त्याच्या सेटिंगमध्ये चाकाचा आकार भरलेला असतो: 26, 27.5 किंवा 29. पुष्कळ जण तिकडे कधी फिरकतच नाहीत. काही जण मात्र मुद्दाम जाऊन तो आकडा बदलतात. मला काळजी वाटते ती याची.

मोटारीला वेग कळतो कसा, ते आधी पाहू. बऱ्याच सायकलींत मागच्या चाकाच्या तारेवर एक चुंबक असतं आणि शेजारी फ्रेमला सेन्सर. चुंबक समोरून गेलं की एक फेरा झाला, एवढंच त्या सेन्सरला समजतं. एका फेऱ्यात किती अंतर कापलं, हे सेटिंगमधल्या आकड्यावरून ठरतं. 29 इंची चाकावर 2.1 इंच रुंदीचा टायर असेल, तर एका फेऱ्यात सुमारे 2288 मिलिमीटर अंतर जातं. तेवढ्याच रुंदीचं 26 इंची चाक 2068 मिलिमीटर जातं. आता चाक 29 चं आणि सेटिंगमध्ये 26, असं केलं तर मोटारीची मदत जिथे थांबते ते 25 डिस्प्ले दाखवत असताना सायकल खरं तर ताशी 27.7 किलोमीटरनं धावत असते. कुणी 20 भरलं आणि मोटारीचा दम पुरला, तर वेग 36 च्या घरात जातो. धडकेतला जोर वेगाच्या वर्गाच्या हिशेबानं वाढतो, म्हणजे इथे तो दुपटीच्या वर गेला. ब्रेक मात्र तेच.

पंचवीस हा आकडा कायद्यातून आला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पायडल मारल्यावर मदत करणारी मोटार 250 वॉटच्या आत असावी, वेग वाढेल तशी तिची मदत कमी होत जावी आणि ताशी 25 किलोमीटरला ती पूर्ण थांबावी. पायडल मारणं थांबलं तर त्याआधीच. हे पाळलं तर कायद्याच्या नजरेत ती सायकलच: नोंदणी नको, लायसन्स नको. युरोपातही मर्यादा 25 चीच आहे, जपानात 24 ची, अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ताशी 20 मैलांची, म्हणजे 32 किलोमीटरची.

ही मर्यादा ओलांडायची सोय केली, की तीच सायकल मोटार वाहन ठरते. मग नोंदणी, विमा, लायसन्स, हेल्मेट सगळं लागतं, आणि यातलं काहीच जवळ नसतं. अपघातात समोरच्याला लागलं, तर भरपाई स्वतःच्या खिशातून. 2022 च्या मे महिन्यात राज्याच्या परिवहन खात्यानं अशा फेरफार केलेल्या ई-बाइकविरुद्ध मोहीम काढली होती. क्लासला जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी हे नीट लक्षात घ्यावं, कारण चालवणारा मुलगा असतो आणि निस्तरावं लागतं आईवडिलांना.

आणि गंमत बघा, ज्या कामासाठी माउंटन बाइक घेतली, तिथे ही मर्यादा आड येतच नाही. सेमिनरी हिल्सच्या चढावर किंवा रामटेकच्या गडाच्या रस्त्यावर वेग दहा-बारावर येतो. तिथे मोटारीचा आधार पूर्ण मिळतो. गोरेवाड्याकडच्या मातीच्या, खडीच्या वाटेवर पंचवीसनं जायला कुणाला धीर होत नाही. मर्यादा जाणवते ती वर्धा रोडसारख्या सपाट डांबरी रस्त्यावर. तिथे हवेचा विरोध झपाट्यानं वाढतो, बॅटरी लवकर उतरते आणि भोवती ट्रक असतात. म्हणून सेटिंग बदलून जे मिळतं, ते चुकीच्या जागी मिळतं, असं माझं ठाम मत आहे.

मुद्दाम नसली तरी चूक होऊ शकते. टायरवर 26 छापलेलं असतं, ते पाहून तोच आकडा भरतात. पण 26 च्या रिमवर चार इंची जाड टायर चढवला, की बाहेरचा घेर 29 इंची चाकाच्या बरोबरीला येतो.

यावर उपाय खडू आणि टेप. नेहमीची हवा भरा. टायर जिथे जमिनीला टेकतो, तिथे टायरवर आणि फरशीवर खूण करा. सायकलवर स्वतः बसा, कारण वजनानं टायर दबतो आणि घेर थोडा घटतो. कुणाला तरी धरायला सांगून सरळ रेषेत चाकाचा एक फेरा पूर्ण करा आणि अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. डिस्प्लेवर घेर भरायची सोय असेल तर हाच आकडा भरा. फक्त इंच असतील, तर या घेराला 80 नं भागून जवळचा आकडा निवडा. काही कंपन्यांच्या सायकलीत हे सेटिंग दुकानदाराच्याच हाती असतं. तिथे मोजलेला आकडा त्याला लिहून द्या. टायर बदलला की पुन्हा मोजा.