लांब पल्ल्याची सायकल-शर्यत आणि आपली शाळा
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र-संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्यापैकी बहुतेकांच्या दारी सायकल आहे. पाचवी-सातवीच्या पुढे शिकावयाचे म्हणजे सायकलवरून शेजारच्या गावी जावयाचे, हे आपल्या कित्येक मुलामुलींच्या नशिबी आहे. तेव्हा क्रीडामहोत्सवात सायकल-शर्यत ठेवावी, अशी सूचना दरवर्षी कोणी ना कोणी मांडतो. तिचा विचार करण्यापूर्वी लांब पल्ल्याच्या शर्यती जगात कशा चालतात, ते थोडे पाहू.

या शर्यतींचे माहेरघर फ्रान्स होय. १८९१ साली पॅरिसहून ब्रेस्त बंदरापर्यंत जाऊन परत यावयाचे, असे सुमारे १२०० किलोमीटरांचे दिव्य तेथे प्रथम योजण्यात आले. शार्ल तेराँ याने ते ७१ तास २२ मिनिटांत पुरे केले. ताशी वेग काढण्याचे काम मुलांवर सोपवावे. उत्तर १७ किलोमीटरांच्या आतच येते. १९०३ साली सुविख्यात 'तूर द फ्रान्स' सुरू झाली. सहा टप्पे, २४२८ किलोमीटर. निघाले ६० स्वार, पोहोचले २१. पहिला आलेल्या मोरिस गारँचे नाव सर्वत्र आढळते. एकविसावा आलेला आर्सेन मियोशो हा त्याच्या मागून एकूण हिशेबाने ६४ तास ५७ मिनिटांनी आला. तथापि ज्या यादीत ३९ जणांची नावे नाहीत, तीत त्याचे नाव आहे.

आता एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण ती आपल्या धंद्याची आहे. १९१३ च्या शर्यतीत पिरेनीज पर्वतातील तूरमाले हा २११५ मीटर उंचीचा घाट उतरताना यूजेन क्रिस्तोफ याच्या सायकलीच्या पुढच्या चाकाचा चिमटा मोडला. त्या काळचा नियम असा की, स्वाराने दुसऱ्याची सायकल घ्यावयाची नाही आणि दुरुस्तीत कोणाचे साहाय्यही घ्यावयाचे नाही. क्रिस्तोफने सायकल खांद्यावर टाकली आणि दहा किलोमीटरांहून अधिक वाट पायी तुडवीत तो सेंत-मारी-द-काँपाँ या खेड्यात उतरला. तेथे लोहाराचे दुकान होते. तरुणपणी त्याने कुलुपे घडविण्याचे काम केलेले असल्याने लोखंडाची त्याला ओळख होती. लोहाराने तोंडाने सांगावे व याने हाताने करावे, असे सुमारे तीन तास चालले. शर्यतीचे पंच शेजारी उभे राहून पाहत होते. चिमटा जुळला. पण एका हाताने तापले लोखंड धरावे, दुसऱ्याने हातोडा मारावा, मग भाता कोणी ओढावा? दुकानातील एका पोराने तो ओढला. पंचांनी क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड सांगितला. पुढे तो तीन मिनिटांवर आणला. एवढे होऊनही क्रिस्तोफ अखेरीस सातवा आला.

पंचांचे चुकले काय? नियमाच्या अक्षराप्रमाणे चुकले नाही. परंतु आपण वर्गात बसून असाच न्याय करीत असतो, हे ध्यानात घ्यावे. पाटीवरचे उत्तर मुलाचे. शेजाऱ्याने फक्त पेन्सिल दिली. माझे स्वतःचे मत असे की, भात्याचा दंड लावणारा पंच नियम पाळतो, पण नियम कशासाठी केला ते विसरतो. नियम स्वावलंबनासाठी होता, आणि त्या दिवशी त्या दुकानात स्वावलंबनाखेरीज दुसरे काय चालले होते? तो नियम पुढे सैल झाला. आज स्वारामागून मोटार धावते आणि क्षणात दुसरी सायकल हाती येते.

अमेरिकेत १९८२ पासून चालत आलेली, पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटरांची शर्यत याहून कठोर आहे. तीत टप्पे नाहीत. घड्याळ रात्रीही थांबत नाही. एकट्या स्वारास बारा दिवसांची मुदत, म्हणजे रोज सरासरी ४०० किलोमीटर. झोप दोन-तीन तासांची. कित्येकांच्या मानेचे स्नायू इतके थकतात की डोके वर धरवत नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली जोडीने ही शर्यत पुरी केली. एकाने चालवावे तेव्हा दुसऱ्याने विसावा घ्यावा, अशी ती रीत. २०१७ साली सैन्यातील अधिकारी श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने मुदतीत पार केली.

डोंगरी सायकलींच्या शर्यती अलीकडच्या. कॅलिफोर्नियात १९७० नंतरच्या दशकात काही तरुण जुन्या जाड सायकली घेऊन कच्च्या डोंगरवाटांनी उतरू लागले, आणि १९९६ साली हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला. त्या सायकलीतील गणित मात्र वर्गात अवश्य घ्यावे. साध्या सायकलीच्या पुढील चक्रास ४८ व मागील चक्रास १६ दाते असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यात चाक तीनदा फिरते. डोंगरी सायकलीत पुढे ३२ व मागे ४० दाते घेतले, तर चाक एक फेराही पुरा करीत नाही. वेग गेला, पण चढ सोपा झाला. चाकाला खडूची खूण करून मुलांनी हे स्वतः मोजावे.

आता मूळ प्रश्न. लहान मुलांची वेगाची शर्यत रहदारीच्या रस्त्यावर लावू नये, असे मी स्पष्ट सांगतो. बोरघाटातून जाणाऱ्या मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' ठरतो, हे ऐकून मुले हुरळतात, आणि ते स्वाभाविक आहे; पण ते स्वार प्रौढ व कसलेले असतात. आपल्यासाठी दुसरा नमुना आहे. पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसची शर्यत जाऊन आता तिची फेरी झाली आहे. १२०० किलोमीटर जास्तीत जास्त ९० तासांत पुरे करावयाचे. वाटेत ठाणी असतात, तेथे पत्रिकेवर शिक्का घ्यावयाचा. ठाणे बंद होण्याची वेळ ठरलेली, तशी उघडण्याचीही ठरलेली. म्हणून वाऱ्यासारखा येणाराही दाराशी थांबतो. क्रमांक कोणालाच नाहीत.

हेच आपण दहा किलोमीटरांवर करावे. गाडीरस्ता निवडावा, दिवस हिवाळ्याचा असावा, वेळ सकाळची. तीन ठाणी पुरेत. प्रत्येकावर एक शिक्षक, पिण्याचे पाणी व गूळ-शेंगदाणे. ज्यांच्या घरी सायकल नाही त्यांना जोडीत घ्यावे. अर्धी वाट एकाने, अर्धी दुसऱ्याने, शिक्का दोघांच्या पत्रिकांवर. मुलींना वेगळी वाट ठेवू नये. ठाण्यावरील शिक्षकाने पंक्चरच्या चकत्या, सोल्यूशन व पंप जवळ बाळगावा. चकती मुलाने लावावी. पंप कोणी मारला याची चौकशी करू नये.