चाकांची खुर्ची आणि घरची मोटार

अर्धांगवायूमुळे आमच्या कुटुंबास चाकांची खुर्ची घ्यावी लागली, आणि उपचारांसाठी निफाडहून नाशिकास वारंवार जाणे प्राप्त झाले. तेव्हा मोटार घेण्याचे ठरले. आयुष्यभर मुलांना घनफळ शिकविलेला मी डिकी किती लिटरची, एवढे वाचून निश्चिंत झालो! परंतु लिटरांनी पाणी मोजावे. खुर्ची काही पाण्यासारखी कोपऱ्यांत शिरत नाही.

२००६ साली सरकारने चार मीटरपर्यंत लांबीच्या, लहान इंजिनाच्या मोटारींवरील अबकारी कर उतरविला. तेव्हापासून पुष्कळ गाड्या त्या मर्यादेत बसविल्या जातात, व काटछाट बहुधा डिकीच्या वाट्यास येते. त्यांत सीएनजीची टाकी आली की उरलीसुरली जागाही जाते. मागील आसन दुमडावे, असे विक्रेते सुचवितात. पण मग नातवंडांनी बसावे कोठे?

म्हणून खुर्चीच दुकानी न्यावी, घडी करून डिकीत ठेवावी व झाकण लावून पाहावे. लोखंडी खुर्चीचे वजन १५ ते २० किलो भरते. चिरंजीव परगावी, उचलणारा मी. तेव्हा डिकीचा काठ ठेंगणा हवा. दार चांगले रुंद उघडावे आणि आसन खुर्चीशी समतल असावे, म्हणजे रुग्णास सरकणे सुलभ होते.

आमची गाडी दिसण्यास बेढब आहे खरी. परंतु गेल्या पौषात कुटुंब आपण होऊन म्हणाले, “लेकीकडे जाऊन येऊ या.” दीड वर्षात दवाखान्याखेरीज अन्य ठिकाणाचे नाव तिने प्रथमच काढले होते. गाडीचे मोल मला त्या दिवशी कळले.