जर-तरचें इंग्रजी



इंग्रजी वर्तमानपत्र सहज वाचणारीं आणि कामापुरतें इंग्रजी बिनचूक लिहिणारीं आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षित माणसें एका ठिकाणीं हटकून अडखळतात. तें ठिकाण म्हणजे ‘जर’ आणि ‘तर’. घडलेली गोष्ट सांगावयाची असेल तेव्हां त्यांचें इंग्रजी निर्वेध चालतें. परंतु न घडलेली गोष्ट, मनांतली इच्छा किंवा हुकलेल्या संधीची हळहळ सांगावयाची वेळ आली कीं ‘वुड’, ‘हॅड’ आणि ‘हॅव’ यांची गर्दी उडते आणि अर्थ हातचा निसटतो. ही अडचण कोठून येते आणि घरच्या घरीं सरावानें ती कशी दूर करतां येते, एवढेंच आजच्या भाषणांत मला सांगावयाचें आहे.

विषय व्याकरणाचा खरा. पण केवळ परीक्षेंतील गुणांचा नव्हे. आपले एक परप्रांतीय स्नेही आजारी आहेत आणि आपण त्यांना इंग्रजींत पत्र लिहीत आहां, अशी कल्पना करा. मनांतलें मराठी वाक्य असें आहे : ‘तुम्ही बरे झालांत, तर आपण मिळून महाबळेश्वरला जाऊं.’ तें शब्दास शब्द ठेवून आपण लिहितां : ‘इफ यू गॉट वेल, वुई वुड गो टु महाबळेश्वर टुगेदर.’ या वाक्यांत व्याकरणाची चूक एकही नाहीं. परंतु वाचणाऱ्याला त्यांतून असें ऐकूं येतें कीं, आपण बरे होऊं अशी लिहिणाऱ्याला फारशी आशा नाहीं. धीर देण्यासाठीं लिहिलेलें पत्र धीर खचविणारें होतें. तेथें ‘व्हेन यू गेट वेल, वुई विल गो’ असें लिहिलें असतें, तर मनांतला भाव जसाच्या तसा पोंचला असता. ‘गॉट’ आणि ‘गेट’ यांत अक्षराचा फरक केवढा, आणि अर्थाचा केवढा !

हा घोटाळा होण्याचें कारण आपल्या मराठींतच आहे. ‘पाऊस आला तर’, ‘गाडी चुकली तर’, ‘तो भेटला तर’ असें आपण म्हणतों, तेव्हां क्रियापदाचें रूप भूतकाळाचें असतें, पण गोष्ट पुढें घडावयाची असते आणि ती घडणें पूर्णपणें शक्य असतें. इंग्रजी अशा वेळीं वर्तमानकाळ वापरतें : ‘इफ इट रेन्स’, ‘इफ ही कम्स’. इंग्रजींत ‘इफ’ नंतर भूतकाळाचें रूप आणून बोलणारा पुढील किंवा आतांची गोष्ट सांगूं लागला, तर तो सुचवितो कीं, ‘ही गोष्ट घडेलसें मला वाटत नाहीं’, किंवा ‘ही गोष्ट मुळीं नाहींच’. म्हणजे पोशाख एकच, पण मराठी दरबारीं त्याचा मान निराळा आणि इंग्रजी दरबारीं निराळा.

शाळेंतील निबंधांचे विषय आठवून पाहा. ‘सूर्य उगवला नाहीं तर’ आणि ‘पाऊस पडला नाहीं तर’ या दोन मथळ्यांची रचना अगदीं सारखी आहे. पहिली गोष्ट घडणें नाहीं. दुसरी एखाद्या वर्षीं खरोखरच घडते. हा भेद मराठी माणूस संदर्भावरून ओळखतो, भाषा त्याला तो क्रियापदांत सांगावयास लावीत नाहीं. इंग्रजी मात्र लावतें. पहिल्याला ‘इफ द सन डिड नॉट राइज’ आणि दुसऱ्याला ‘इफ इट डज नॉट रेन’. इंग्रजी बोलणाऱ्याला तोंड उघडण्यापूर्वींच ठरवावें लागतें, कीं हें घडण्यासारखें आहे असें मी मानतों किंवा नाहीं.

भूतकाळाचें रूप असूनही तें काळाचें नसतें, ही गोष्ट कित्येकांना विचित्र वाटते. पण आपल्या एका म्हणीनें ती चटकन् पटेल. ‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलें असतें’ असें आपण थट्टेनें म्हणतों. इंग्रजींत तें असें होईल : ‘इफ आण्ट हॅड अ मुस्टॅश, वुई वुड कॉल हर अंकल.’ येथें ‘हॅड’ आहे म्हणून आत्याबाईंना मिशा कोणत्या सालीं होत्या, असें कोणी विचारीत नाहीं. ऑटो येस्पर्सन (१८६०–१९४३) या डॅनिश भाषापंडितानें इंग्रजी व्याकरणावरील आपल्या ग्रंथांत भूतकाळाच्या या उपयोगाला ‘कल्पनेचा’ उपयोग म्हटलें आहे. जें काळानें दूर गेलें त्याचें रूप, जें वास्तवापासून दूर आहे त्यालाही दिलें जातें. ‘इफ आय वेअर’ मधील ‘वेअर’ हें याच दुराव्याचें चिन्ह आहे. बोलण्यांत पुष्कळ इंग्रजही ‘इफ आय वॉज’ म्हणतात. पण विचारपूर्वक लिहितांना ‘वेअर’ ठेवणें शिष्टसंमत आहे.

तेव्हां इंग्रजींतील जर-तरच्या वाक्यांना पहिलें, दुसरें, तिसरें असे नंबर देऊन तीं पाठ करण्यापेक्षां एक दार डोळ्यांसमोर आणावें. दार उघडें आहे, लोटलेलें आहे, किंवा त्याला कुलूप पडलें आहे. एकच प्रसंग तिन्ही दारांशीं नेऊन पाहूं.

पुण्याहून सकाळीं मुंबईस जाणारी ‘डेक्कन क्वीन’ सर्वांना ठाऊक आहे. ही गाडी १९३० सालीं सुरू झाली. आदल्या रात्रीं घरांत बेत चालला आहे : ‘सहाला निघालों, तर गाडी मिळेल.’ दार उघडें आहे. इंग्रजी वाक्य : ‘इफ वुई लीव्ह ॲट सिक्स, वुई विल कॅच द ट्रेन.’ सकाळीं निघावयास उशीर झाला आणि रिक्षा गर्दींत अडकली. ‘रस्ता मोकळा असता, तर गाडी मिळाली असती.’ गाडी अजून सुटलेली नाहीं, पण रस्ता मोकळा नाहीं. दार लोटलेलें आहे. ‘इफ द रोड वेअर क्लिअर, वुई वुड कॅच द ट्रेन.’ फलाटावर पोंचावें, तों गाडीचा शेवटचा डबा दिसेनासा होत आहे. ‘सहाला निघालों असतों, तर गाडी मिळाली असती.’ आतां दाराला कुलूप पडलें. ‘इफ वुई हॅड लेफ्ट ॲट सिक्स, वुई वुड हॅव कॉट द ट्रेन.’

यांतील शेवटचीं दोन मराठी वाक्यें पुन्हां मनांत आणा. दोन्हींत ‘गाडी मिळाली असती’ हे शब्द अक्षरशः एकच आहेत. रिक्षेंतही तेच आणि फलाटावरही तेच. इंग्रजींत मात्र रिक्षेंत ‘वुड कॅच’ आणि फलाटावर ‘वुड हॅव कॉट’. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’सारख्या ग्रंथांत क्रियापदाच्या ज्या रूपांना संकेतार्थी म्हणतात, तीं मराठीचीं ‘असता-असती-असतें’ हीं रूपें, आतांचें अशक्य आणि तेव्हांचें अशक्य या दोघांनाही पोटांत घेतात. ‘आज बाबा असते तर’ आणि ‘त्या दिवशीं बाबा असते तर’ या दोहोंत आपण ‘असते’ बदलीत नाहीं. इंग्रजींत पहिल्याला ‘वेअर’ आणि दुसऱ्याला ‘हॅड बीन’ हवें. म्हणून भाषांतरापूर्वीं ‘केव्हांचें ?’ हा प्रश्न स्वतःस विचारलाच पाहिजे.

दुसरी खोडही येथूनच निघते. मराठी वाक्याचे दोन्ही पाय सारखे असतात : ‘आला असता, तर सांगितलें असतें.’ त्यामुळें आपले विद्यार्थी इंग्रजींतही दोन्हीकडे ‘वुड’ लावतात : ‘इफ ही वुड हॅव कम, आय वुड हॅव टोल्ड हिम.’ शिष्ट इंग्रजींत ‘वुड’ हें ‘तर’च्या घरचें, ‘जर’च्या घरीं ‘हॅड’ हवें : ‘इफ ही हॅड कम’. कानही येथें फसवितो. भरभर बोलतांना ‘आय हॅड’ आणि ‘आय वुड’ या दोहोंचा उच्चार ‘आय’ड’ असाच होतो. पुढें ‘गॉन’, ‘नोन’ असें तिसरें रूप आलें, तर तो ‘हॅड’. ‘गो’, ‘नो’ असें मूळ रूप किंवा ‘हॅव’ आलें, तर तो ‘वुड’. एक अपवाद मात्र ध्यानांत ठेवावा. विनंतीच्या पत्रांत ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू वुड रिप्लाय सून’ असें लिहितात, तें शुद्धच आहे; कारण तेथील ‘वुड’ म्हणजे ‘कृपा कराल’, ‘मान्य कराल’. तो सौजन्याचा शब्द आहे, कल्पनेचा नव्हे.

आतां इच्छा आणि हळहळ. तीं दारें येथेंही तशींच लागू पडतात. आदल्या रात्रीं : ‘आय होप वुई कॅच द ट्रेन.’ रिक्षेंत : ‘आय विश द रोड वेअर क्लिअर.’ फलाटावर : ‘आय विश वुई हॅड लेफ्ट ॲट सिक्स.’ शक्य असेल त्याला ‘होप’, आणि नसलेल्या किंवा गेलेल्या गोष्टीला ‘विश’. आपल्या पत्रांतून ‘आय विश यू विल पास’ असें वाक्य वारंवार दिसतें. तेथें ‘आय होप यू विल पास’ पाहिजे. किंवा नुसतें नाम घालून ‘आय विश यू सक्सेस’ म्हणावें, तें चालतें. ‘आय विश इट वुड स्टॉप रेनिंग’ या वाक्यांत आपल्या हातीं नसलेल्या गोष्टीविषयींचा त्रागा असतो. म्हणून तें ‘वुड’ स्वतःविषयीं सहसा वापरीत नाहींत. आणि ‘आपण सहाला निघावयास हवें होतें’ याला ‘वुई शुड हॅव लेफ्ट ॲट सिक्स’. यांत हळहळीबरोबर थोडा दोषही येतो. ‘वुई’च्या जागीं ‘यू’ घातलें कीं हळहळ नाहींशी होऊन उरतो तो केवळ ठपका.

उघड्या दाराचें सामर्थ्य पाहावयाचें असेल, तर रुडयार्ड किपलिंग यांची ‘इफ’ नांवाची कविता आठवावी. हे कवि १८६५ सालीं आपल्या मुंबईंत जन्मले; कविता १९१० सालीं पुस्तकांत प्रसिद्ध झाली. तिच्या बत्तीस ओळी मिळून एकच वाक्य होतें : एकामागून एक ‘जर’ येत राहतात आणि ‘तर’ अगदीं शेवटीं येतो. कविता मुलाला उद्देशून आहे, आणि अटी एकीहून एक कठीण आहेत. तरी ‘इफ’ नंतर सर्वत्र वर्तमानकाळ आहे. तेथें कवीनें ‘कॅन’च्या जागीं ‘कुड’ घातलें असतें, तर त्याच अटी ‘हें तुझ्यानें व्हावयाचें नाहीं’ असें सांगूं लागल्या असत्या.

सरावाची रीत सोपी आहे आणि तिला पुस्तक लागत नाहीं. रात्रीं जेवणें झालीं कीं, दिवसांतला एक प्रसंग घ्यावा : दूध नासलें, छत्री विसरली, परीक्षेचा निकाल लागला. प्रथम मराठी वाक्य बोलावें. मग ‘दार कसें आहे?’ आणि ‘केव्हांचें ?’ हे दोन प्रश्न विचारावे. आणि मगच इंग्रजी वाक्य रचावें. एकानें ‘जर’चा पाय म्हणावा, दुसऱ्यानें ‘तर’चा पुरा करावा. रोज एका प्रसंगाचीं तीन वाक्यें पुरेत. पुढें पुढें मिश्र वाक्यें घ्यावीं, कारण कारण कालचें आणि परिणाम आजचा, असें पुष्कळदां असतें : ‘इफ वुई हॅड लेफ्ट ॲट सिक्स, वुई वुड बी इन मुंबई नाउ.’ मुलांकडून हीं वाक्यें मोठ्यानें म्हणवून घ्यावीं. डोळ्यांपेक्षां कानाला हीं रूपें लवकर वळण लावतात.

शेवटीं एक सावधगिरीची गोष्ट. कुलुपाच्या दाराचें वाक्य शुद्ध रचतां येऊं लागलें, म्हणजे तें सर्वत्र वापरावें असें नाहीं. ज्या घरीं दुःख झालें आहे, तेथें ‘इफ यू हॅड कॉल्ड द डॉक्टर अर्लियर’ हें वाक्य व्याकरणानें निर्दोष असलें, तरी लिहूं नये; मराठींतही तें बोलूं नये. आणि घरांत मुलाला ‘यू शुड हॅव स्टडीड’ असें म्हणावेंच लागलें, तर तेथें न थांबतां पुढचें वाक्य उघड्या दाराचें म्हणावें : ‘इफ यू बिगिन नाउ, यू विल पास नेक्स्ट टाइम.’ त्यानें सरावही होईल आणि मूलही उठून पुस्तक हातीं घेईल. आज रात्रीं जेवणानंतर पहिलीं तीन वाक्यें करून पाहावीं, एवढें सुचवून मी आपली रजा घेतों.